हेम्पच्या नावावर 1,54,700 रुपये बुडाले: कॅनमधला 'जिवंत चहा' घेण्याआधी हे वाचा

आधी हिशेब सांगतो, कारण गावात सगळे पहिल्यांदा तेच विचारतात, आणि विचारताना ओठात हसतात. कंपोस्ट टी बनवायचे मशीन 48,500. 'मदर कल्चर'चे, म्हणजे जिवाणूंच्या विरजणाचे, पाच लिटरचे बारा कॅन, प्रत्येकी 1,850, म्हणजे 22,200. 'माती नोंदणी' 4,000 चौरस मीटरला 25,000, माझी जागा 8,000, म्हणून 50,000. प्रशिक्षण 6,500. शेवटी 'लायसन्स प्रोसेसिंग' म्हणून 35,000. झाले 1,62,200. मधे 'माती सांभाळण्याचा मोबदला' म्हणून 2,500 चे तीन हप्ते माझ्या खात्यात आले, ते 7,500 वजा करा. उरले 1,54,700. हे पैसे ट्रक विकून आलेले होते, झाडाला लागलेले नव्हते.

पुढचा क्रम तुम्हाला पाठ असेल. हमीभावाने खरेदीचा करार, स्टॅम्प पेपर, व्हॉट्सअॅप ग्रुप, ग्रुपवर कोणाच्या तरी खात्यात जमा झालेल्या पैशांचे फोटो, मग 'सिस्टीम अपडेट', मग फोन बंद. त्यात नवीन काही नाही. नवीन आहे ते पीक. पीक होते गांजाच्या जातीचे, हेम्प. आणि या पिकाचे नाव ऐकून फसलेला माणूस तोंड उघडत नाही, यावरच फसवणाऱ्यांचा सगळा धंदा उभा आहे.

लोक म्हणतात, गांजाचे नाव ऐकून तरी कळायला हवे होते. अरे, का कळावे? 2018 मध्ये उत्तराखंडाने हेम्पच्या लागवडीला लायसन्स दिले, हे खरे आहे. 2021 मध्ये हेम्पच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता मिळाली, हेही खरे. 2020 च्या डिसेंबरात औषधी गांजाच्या लागवडीचा प्रस्ताव आपल्या गोवा सरकारच्या कायदा खात्याने तपासल्याची बातमी सगळ्या पेपरांत होती. विरोध झाला, परवानगी आली नाही, पण बातमी आली होती ना? त्या लोकांनी याच खऱ्या कात्रणांची फाइल करून आणली होती. खोटे कागद असते तर मी ओळखले असते. खऱ्या कागदांमध्ये एकच खोटे वाक्य होते: 'गोव्याचे लायसन्स पुढच्या सीझनला येतेय, तोवर माती तयार ठेवा.' आमच्या डिचोली-सत्तरी पट्ट्यात 2012 ला खाणी थांबल्या, मधे सुरू झाल्या, 2018 ला पुन्हा थांबल्या. 'पुढच्या सीझनला' हे शब्द आम्ही इतकी वर्षे ऐकतोय की ते खोटे वाटेनासे झालेत.

माती तयार ठेवायची म्हणजे कंपोस्टचा चहा पाजायचा. आता हा चहा ही काही भोंदूगिरी नव्हे, हे मुद्दाम सांगतो. चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत जाळीच्या पिशवीत घालायचे, पिशवी क्लोरीन नसलेल्या पाण्यात सोडायची, थोडी काकवी किंवा गूळ, आणि खालून पंपाने सतत हवा. चोवीस ते छत्तीस तास. हवेवर जगणारे जिवाणू वाढतात, ते पाणी मुळाशी ओतायचे. आपल्या जीवामृताचाच हा विलायती चुलतभाऊ. 200 लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती: हे मी कुळागरात (पोफळी-केळीच्या बागेत) कायम करत आलोय. म्हणूनच माझा जास्त संताप होतो. मला यातले काहीच कळत नसते तर एक वेळ चालले असते.

प्रशिक्षण किनाऱ्याकडच्या एका हॉटेलच्या हॉलात झाले. टोपीवाला ट्रेनर हिंदीत बोलत होता. त्याने टेबलावर निळा कॅन ठेवला आणि म्हणाला, यात कोट्यवधी जिवंत जिवाणू आहेत, चहाला नुसते विरजण लावायचे. झाकण गच्च. कॅन चपटा, सपाट, शांत. लेबलावर मुदत दोन वर्षे.

इथे. बरोबर इथे मी खुर्ची सरकवून उठायला हवे होते. आमच्या वडिलांची काजूची भाटी (फेणीची भट्टी) होती. मार्च-एप्रिलात निरो (काजूबोंडांचा रस) काढून ठेवला की दुसऱ्या दिवशी तो बोलायला लागतो. फेस, बुडबुडे, वास. त्यावर बूच घट्ट बसवले तर बूच छताला लागते. गोड आणि जिवंत असे दोन्ही एकत्र असले की ते गप्प बसत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. तो कॅन गूळ विरघळवल्यासारख्या गोड वासाचा होता आणि मेल्यासारखा गप्प होता. मी बघितले, मनात आलेही. मग शेजारच्या खुर्चीवरचे गुरुजी, निवृत्त हेडमास्तर, वहीत सगळे उतरवून घेत होते ते बघितले आणि वाटले, एवढा शिकलेला माणूस विचारत नाही तर मी कुठे विचारू. गुरुजींना नंतर भेटलो. ते म्हणाले, 'तुम्ही शेतकरी, तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून मी गप्प बसलो.' घ्या.

हवा बंद केल्यावर तयार चहा चार-सहा तासांत वापरायचा असतो. प्राणवायू संपला की कामाचे जिवाणू मरतात आणि सडवणारे वर येतात. बाटलीत भरून विकलेला 'ताजा कंपोस्ट टी' ही वस्तूच नाही. विरजण म्हणून विकायचे असेल तर ते जैविक खत झाले, आणि त्यावर 1985 चा खत नियंत्रण आदेश लागतो. द्रवरूप जैविक खतात कोणता जिवाणू आहे आणि एका मिलिलिटरमागे किती, हे लेबलावर लिहावे लागते. रायझोबियमसारख्यांना किमान दहा कोटी लागतात. माझ्या कॅनवर लिहिलेय 'प्राचीन हिमालयन मायक्रोब्ज'. बॅच नंबरच्या जागी एक पान छापलेय. हिरवे पान.

मशीनचे तर विचारूच नका. 200 लिटरचा निळा ड्रम, एक ब्लोअर, छिद्रे पाडलेली पीव्हीसी पाइप, जाळीची पिशवी, खाली नळ. म्हापशाच्या बाजारातून हे सामान गोळा करून फिटिंग करायला किती लागतील म्हणून प्लंबरला विचारले, तो म्हणाला फार तर सहा हजार.

दुसरी गोष्ट, आणि ती पुढे माझ्या अंगाशी आली. करारात लिहिले होते, 'तंतू आणि बियाण्यासाठी औद्योगिक हेम्प'. प्रशिक्षणात हातात दिलेल्या कागदावर मात्र तीन चहा होते: रोपाचा, वाढीचा आणि 'फुलोऱ्याचा'. फुलोऱ्याच्या चहात वटवाघळाचे खत, समुद्री शेवाळ, काकवी, आणि खाली लिहिलेले, राळ वाढते, वास सुटतो. मापे गॅलनमध्ये. गोव्यात गॅलन कोण मोजतो? कुठल्या तरी अमेरिकन हौशी माणसाने परसातल्या गांजासाठी लिहिलेली कृती यांनी जशीच्या तशी हिंदीत उतरवली होती. तंतूसाठी लावलेले हेम्प दाट पेरतात, उंच वाढवतात, त्याला फुलातली राळ हवी कशाला? कायद्याने गांजा म्हणजे त्याच फुलांचे शेंडे. म्हणजे करार दोरखंडाचा आणि शिकवणी चिलमीची. तो कागद मी घडी घालून फाइलमध्ये जपून ठेवला. जपून!

आणि 'रिच सॉइल'चे ते गाणे. माझ्या कुळागराचे सॉइल हेल्थ कार्ड त्यांना दाखवले तर सेंद्रिय कर्ब 1.6 टक्के. 0.75 च्या वर गेला की जास्त धरतात. पोफळीची झावळे, केळीचे खुंट, पालापाचोळा पिढ्यान्‌पिढ्या तिथेच कुजलाय. अशा मातीत जिवाणू आधीच भरलेले असतात, तिथे चहाने फार तर उन्नीस-बीस फरक. ट्रेनर म्हणाला, 'माती श्रीमंत आहे, पण झोपलीय.' आम्ही माना डोलावल्या. बरे, हेम्पला लागते भर ऊन आणि निचऱ्याची जमीन. कुळागरात सावली, पाट वाहतोय, वर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस. त्यावर त्यांचे उत्तर होते, थोडी झाडे काढा. मी नाही काढली, हे देवाचे उपकार. आमच्यातल्या एकाने फळावर आलेल्या पोफळी तोडल्या. पोफळ धरायला पाच-सहा वर्षे जातात. त्याच्या नुकसानीचा आकडा कुठल्याच तक्रारीत बसत नाही.

आता सरकारी कारभार ऐका. ठाण्यात गेलो. पूर्ण ऐकून घ्यायच्या आधीच हवालदाराने विचारले, 'कितें रोवपाचो आशिल्लो तूं?' म्हणजे काय लावणार होतास. मी सांगितले. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितले ते गिऱ्हाईक सापडल्यासारखे. फाइल चाळली, फुलोऱ्याच्या चहाचा कागद बाहेर काढला आणि तक्रारदार कोण आणि आरोपी कोण हेच उलटे झाले. तासभर मला विचारत होते, बी कुठून आणले, कोणाला विकणार होतास, किनाऱ्यावर कोणाला ओळखतोस. अहो, बी दिलेच नाही त्यांनी! बी मिळाले नाही म्हणून तर फसवणूक, आणि बी मिळाले नाही म्हणूनच मी आज बाहेर आहे. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 20 खाली विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बी आले असते तर आमच्यापैकी निम्म्यांनी दोन-चार रोपे हौसेने लावलीच असती.

मग सुरू झाली फुटबॉल. पैसे यूपीआयने गेले म्हणून सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटला, करार हातात आहे, हे सायबर कसे, ठाण्यात जा. ठाणे म्हणाले, करार आहे ना, मग दिवाणी दावा घाला. शेतीच्या ऑफिसात नेला कॅन. साहेबांनी तो हातातही घेतला नाही. 'हे पीक आमच्या यादीत नाही.' मी म्हटले, साहेब, पीक सोडा, खत तर तुमच्या यादीत आहे, बिनपरवाना खत विकलेय, नमुना घ्या. तर म्हणे नमुना दुकानातून घ्यायचा असतो, शेतकऱ्याकडचा चालत नाही. दुकान कुठेय? दुकान नाही म्हणूनच तर आलोय! बाहेर भिंतीवर 'सेंद्रिय शेतीकडे चला' असे पोस्टर. त्या पोस्टरखाली बसून मी चहा प्यालो, साधा, दुधाचा, पंधरा रुपयांचा, आणि कप डस्टबिनमध्ये असा आपटला की शिपाई धावत आला.

एकाही साहेबाने 'कोणी फसवले' हे आधी विचारले नाही. सगळ्यांनी 'तू का फसलास' एवढेच विचारले.

तर ऐका. हेम्पच्या लागवडीची परवानगी त्याच एनडीपीएस कायद्याच्या कलम 14 खाली सरकार देते, खाजगी कंपनी तुमच्यासाठी 'प्रोसेस' करून आणत नाही. लायसन्स यायच्या आधी कोणी बी, खत, मशीन, नोंदणी, काहीही विकत असेल तर उभे करू नका. पैसे जाऊन काही तासच झाले असतील तर रडत बसू नका, 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, पैसे अडवता येतात. मी महिनाभर त्यांच्या 'सर, प्रोसेसमध्ये आहे'वर बसून राहिलो. ठाण्यात तोंडी बोलूच नका. लेखी द्या, पोच घ्या. एफआयआर घेतला नाही तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 173 खाली तीच तक्रार लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, हे मला वकिलाने सांगितले तेव्हा त्याची फी 3,000 झाली होती, तुम्हाला फुकट सांगतोय. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा उतारा), कृषी कार्ड, आधार यांच्या प्रती दिल्या असतील तर त्यावर आडवे 'अमुक कामासाठीच' असे लिहून दिलेय का ते आठवा. मी काहीच लिहिले नव्हते, आता रात्री झोप लागत नाही. आणि पहिले दोन-तीन हप्ते वेळेवर आले म्हणून मेव्हण्याला आत ओढू नका. माझा मेव्हणा बोलत नाही माझ्याशी.

दोडामार्ग आणि सावंतवाडीकडे हेच लोक आता 'औषधी वनस्पती' म्हणून फिरतायत असे कानावर आले आहे. नाव बदलले असेल, पण निळा कॅन, हिरवे झाकण आणि 'माती नोंदणी' हे शब्द तेच.

ज्यांच्या घरी ते कॅन पडलेत त्यांनी माडाला ओतून टाकू नका. सील न फोडता सावलीत ठेवा, लेबलाचे चारी बाजूंनी फोटो काढा, यूपीआयच्या पावत्या छापून घ्या. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आम्ही सातजण तयार झालोय, गुरुजी अर्ज लिहितायत. पोफळी तोडलेला अजून यायला राजी नाही, म्हणतो गांजाच्या अर्जावर बापाचे नाव नको. त्याला कोणी समजावू शकत असेल तर समजावा, सगळ्यांत जास्त पुरावा त्याच्याकडेच आहे.