घरातला आइस हॉकीचा कोपरा : नऊ महिन्यांनंतर

ठाण्यात बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. तरी माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला आइस हॉकीच खेळायची आहे. एका रांगेत चाकं असलेलं इनलाइन स्केटिंग ती तिसरीपासून करते. २०२५ च्या जूनमध्ये भारताच्या मुलींनी यूएईतल्या अल ऐनला आइस हॉकीच्या महिला आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. शेवटी डिसेंबरात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सातव्या मजल्यावरच्या टेरेसवर सरावाची जागा केली. तेव्हा कोणी धड माहिती देईना, म्हणून हे लिहितेय.

पैसे घालायचे ते बर्फाऐवजी पायाखाली येणाऱ्या गुळगुळीत जमिनीत. बाकी सगळं जुगाडाने होतं. परदेशातून मागवायच्या, एकमेकींत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या जोडफरशीचा भाव बघून मी टॅब बंद केला आणि वागळे इस्टेटमधून एचडीपीई या कडक प्लास्टिकच्या दोन पांढऱ्या शीट आणल्या, ८ बाय ४ फूट, ६ मिलिमीटर जाडीच्या. एका शीटचं वजन साधारण १७ किलो, त्यामुळे उचलायला त्रास नाही. पण ८ फुटी शीट आमच्या लिफ्टमध्ये उभी जात नाही, हे लिफ्टच्या दारात उभं राहिल्यावर कळलं. वॉचमनच्या ओळखीच्या सुताराने खाली पार्किंगमध्येच प्रत्येकीचे दोन तुकडे केले. तुम्ही दुकानातच कापून घ्या.

तुकडे केले म्हणजे जोड आला, आणि जोड आला की पक, म्हणजे या खेळातली चेंडूऐवजीची चकती, अडखळणार. सुतारकाकांनी रंधा मारून कडा किंचित उतरवल्या, खालून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. जानेवारी मजेत गेला. मार्चमध्ये एका दुपारी बघते तर मधला जोड कच्च्या पापडासारखा वर आलेला! हे प्लास्टिक उन्हात चांगलंच प्रसरण पावतं आणि आम्ही भिंतीपासून भिंतीपर्यंत घट्ट बसवलं होतं. चारही बाजूंनी बोटभर पट्टी कापली तेव्हा कुठे सपाट झालं. कायम उन्हात ठेवणार असाल तर ऊन सोसणारं, निदान काळं एचडीपीई घ्या. पांढऱ्यावर पकाचे काळे ओरखडे उठतात ते वेगळंच.

आता पक. खरा पक रबराचा, ३ इंच व्यासाचा, १ इंच जाड, १५६ ते १७० ग्रॅमचा. बर्फावर तो सरसरत जातो, प्लास्टिकवर मात्र पाय ओढत चालतो. ट्रेडमिलच्या पट्ट्याला लावतात ते सिलिकॉन फवारलं तर फरक पडतो. त्याच्यावरून कपडे वाळत घालायला गेलेली मी सपशेल आपटले, तेव्हापासून सिलिकॉनला घरात बंदी आहे. रोजच्या सरावाला आम्ही ऑफ-आइस, म्हणजे बर्फाबाहेरच्या सरावासाठी मिळतो तो हलका पक आणि जड चेंडू वापरतो. हात वळायला चेंडूच बरा, असं माझं मत. लेकीला ते मान्य नाही.

स्टिकबद्दल एक गोष्ट आम्हाला उशिरा उमगली. स्केट्स घालून उभं राहिलं की स्टिक हनुवटीपर्यंत यायला हवी, नुसत्या पायांनी नाकाच्या शेंड्यापर्यंत. पण तीच स्टिक घेऊन घरी मोज्यांवर सराव केला की ती लांब पडते, कोपरं वर जातात आणि नेमकी तीच सवय लागते. आम्ही जुनी स्टिक अडीच इंच कापून घरची केली. इनलाइन स्केट्स घालून उभं राहिलं तरी चालतं, शीटला काही होत नाही.

पास परत यावा म्हणून विकतचं यंत्र न घेता दोन लाकडी ठोकळ्यांत सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधली. आधी दोन बोटं वर बांधली तर पक खालून पसार. अर्ध्या इंचावर आणली आणि काम झालं. नऊ महिन्यांत तीन ट्यूब बदलल्या, पंक्चरवाल्याने एकीचेही पैसे घेतले नाहीत.

शॉट मारण्याचं मात्र विसरा. खरी गोलची चौकट ६ फूट रुंद, ४ फूट उंच असते. तेवढी जागा भिंतीवर निघाली, म्हणून नाक्यावरून उतरवलेला एक भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स पडद्यासारखा टांगला. लेक दादांच्या गॉगलचा नेम धरायची. तिसऱ्या दिवशी खरा पक गॉगलऐवजी स्लायडिंगच्या काचेवर गेला. आता दादांवर फक्त टेनिस बॉल.

आवाजाचं दुखणं सगळ्यात मोठं. पकाचा आवाज फारसा खाली जात नाही, स्टिकच्या ब्लेडची, म्हणजे खालच्या पात्याची, टकटक जाते. पहिल्याच आठवड्यात खालच्या काकूंचा फोन आला : "अगं, भरदुपारी पाटा-वरवंटा काय घेऊन बसलीस?" आधी लहान मुलांच्या फोमच्या चटया खाली घातल्या, पण त्या इतक्या मऊ की शीट कोपऱ्यात झुलायची आणि पक उड्या मारायचा. मग जिममध्ये असतात तसल्या कडक रबरी मॅट आणल्या. खर्च शीटच्या बरोबरीने झाला, पण तो आधीच करायला हवा होता. शिवाय काकूंशी तह झाला : दुपारी दोन ते पाच टकटक नाही, संध्याकाळी सात वाजता बंद. त्यांच्या नातवाला आठवड्यातून एकदा खेळायला द्यायचं, हे कलम नंतर वाढलं.

जूनमध्ये पहिल्या जोराच्या पावसानंतर शीट उचलली तर खाली पाणी, शेवाळ आणि दोन गांडुळं. सातव्या मजल्यावर ती कशी चढली देव जाणे, बहुधा कुंडीतून. स्टिकची कापडी टेपही दमट राहून उग्र वास मारायला लागली. तेव्हापासून सगळा पसारा हॉलमध्ये आहे, सोफा भिंतीला चिकटलाय आणि पाहुणे शीटवरून चालतात.

गणपतीत सराव बंद ठेवला, कारण दोन तुकडे मखराखाली गेले. विसर्जनानंतर परत मांडले तर एकावर समईतल्या तेलाचा तळहाताएवढा डाग. लेक म्हणते, पक तिथून सुसाट जातो. साबण घेऊन बसले होते, तर मला पुसू देईना.