उन्हाने धापणारी आजारी कोंबडी: अंगावर पाणी की पाय पाण्यात?
कोंबडीला घाम येत नाही. उष्णता बाहेर पडते ती धापांतून आणि तुरा, पाय अशा उघड्या कातडीतून. म्हणून माझा कौल पाय पाण्यात ठेवण्यालाच. शिंपडलेलं पाणी बरंचसं पिसांवरून ओघळून जातं; वर खुराडं दमट झालं की धापा टाकूनही बिचारीला आराम पडत नाही. वारा खेळता असेल तर फवारा चालेल.

उथळ घमेल्यात साधं गार पाणी घ्या, बर्फाचं मुळीच नको. पाय बुडतील एवढंच. मान टाकली असेल तर धरून ठेवा, चोच पाण्यात जाता कामा नये. चोच मिटून श्वास घेऊ लागली की सावलीत वेगळी ठेवा, कारण आजारी कोंबडीला बाकीच्या टोचतात. तरी उठत नसेल तर लगेच पशुवैद्य गाठा.