अक्कलदाढ: गोळ्यांवर रेटायची की कॉलेजात जाऊन काढायची?

खालची आडवी अक्कलदाढ काढायला किती लागतील, हे खासगी दवाखान्यात विचारून गप्प परत आलेल्यांसाठी हे लिहितोय. हातात पैसे नसले की दोन वाटा उरतात. दुखेल तेव्हा गोळी आणि गुळण्या, नाहीतर दंत महाविद्यालयाची ओपीडी. मी दोन्ही केलंय.

गोळ्यांची वाट वाईट नाही. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत रोजावर असलेल्याला खाडा परवडत नाही, गोळी घेऊन निदान पाळी तरी भरता येते. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल मिळून माझा ठणका जेवढा उतरायचा, तेवढा दुसऱ्या कशानंच नाही. उपाशीपोटी मात्र नको. अल्सर, किडनीचा त्रास, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन नकोच. कोमट मिठाच्या पाण्यानं बरं वाटतं. लवंगतेलानं जागा बधिर होते, पण कापसावर थेंबभर घ्यावं, जास्त झालं की हिरडी भाजते. आणि दाढ दुखली की मिश्री लावणाऱ्या आमच्याकडच्या आया-मावश्यांना हात जोडून सांगणं आहे, तो तंबाखू आहे, लावू नका.

माझा निकाल लागला तो अडकणाऱ्या कणांमुळे. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीची एक झडप राहते. मिसळीतली मटकी, फरसाणाचा चुरा, मटणाचा धागा, सगळं तिच्याखाली जाऊन बसायचं. ब्रश तिथवर पोचत नाही, जिभेला नुसतं जाणवत राहतं. जेवण झालं की बेसिनशी उभं राहून गुळण्यांवर गुळण्या, तरी मटकीचं एखादं टरफल आत राहायचंच. संध्याकाळी तोंडाला वास, सकाळी हिरडी टम्म, आणि चावताना वरची दाढ नेमकी त्या सुजेवर आपटायची. डॉक्टरांनी लिहून दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स केला की सूज बसायची, झडप तिथंच. थोडे दिवस गेले की परत तेच. घरात सगळे पांढरा रस्सा ओरपत असताना आपण एका बाजूनं भात चघळत बसायचं, याचा मला फार वीट आला.

कॉलेज म्हणाल तर नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. एसटीनं वाठारवरून वारणानगरच्या रस्त्याला लागायचं. सांगलीकडे भारती विद्यापीठाचं आणि वसंतदादा पाटील यांच्या नावाचं, अशी दोन आहेत. कॉलेजातला खर्च खासगीच्या मानानं बराच कमी येतो. तरी केसपेपर काढतानाच विचारून घ्या, कारण आडव्या दाढेचं काम साध्या दाढेपेक्षा महाग असतं.

‘शिकाऊ पोरं हात साफ करून घेतील’ असं मलाही बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. माझा अनुभव वेगळा आहे. माझी दाढ एमडीएस, म्हणजे बीडीएसनंतरचं पुढचं शिक्षण, करणाऱ्या डॉक्टरांनी काढली, सर शेजारीच उभे होते. आधी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे लावून मुळांजवळून जाणारी नस दाखवली, खालचा ओठ काही काळ बधिर राहू शकतो हेही सांगितलं. इतकं समजावून मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. वेळ मात्र जातो. तपासणी, एक्स-रे, सूज असेल तर आधी ती उतरवणं, मग तारीख. खाडे धरूनच हिशेब करा. माझ्यापुरतं बोलायचं तर सूज आली म्हणून पडलेले खाडे त्याहून जास्त होते.

तुमची दाढ सरळ येत असेल आणि हिरडी पहिल्यांदाच सुजली असेल, तर थोडं थांबून बघायला हरकत नसावी. पण पुन्हा पुन्हा सुजत असेल तर, मला विचाराल तर, पारगावची एसटी धरा.

ताप आला, तोंड दोन बोटंही उघडेना, गिळता येईना किंवा जबड्याखाली, गळ्याला सूज आली, तर कॉलेजच्या तारखेची वाट बघू नका. रात्र असली तरी तडक कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे सरकारी रुग्णालय, गाठा.

दाढ काढायला जाताना जेवून जा. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा. काढल्यावर पहिले चोवीस तास गुळण्या आणि थुंकणं बंद. तंबाखू आणि सिगारेट निदान जखम भरेपर्यंत तरी नको. खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ निघाली की दोन-तीन दिवसांनी जो ठणका सुरू होतो, तो दाढेच्या ठणक्याला मागे टाकतो.