कोथरूडमधला बंगाली वर्ग: आठ रविवारांनंतर

पाटबंधारे खात्यात 34 वर्षं काढली, त्यामुळे नदी म्हटलं की मला आधी पाणीपातळीच्या नोंदवह्या आठवतात. रवींद्रनाथ मूळ लिपीतून वाचायचे म्हणून निवृत्तीनंतर या घरगुती वर्गाला नाव घातलं. आठ रविवार, दर वेळी दोन तास, फी 1800 रुपये.

लिपी दोनच रविवारांत उरकली. जोडाक्षरांना अजून वेळ द्यायला हवा होता. त्यात झेरॉक्स इतक्या फिकट की मी घरून भिंग नेऊ लागलो.

पण तिसऱ्या रविवारी बाईंनी 'सहज पाठ' काढलं. मुलांना वाचायला शिकवण्यासाठी रवींद्रनाथांनी लिहिलेलं हे पुस्तक 1930 सालचं, चित्रं नंदलाल बोसांची. त्यातली छोटी नदी: 'आमादेर छोटो नदी चले बाँके बाँके, बैशाख मासे तार हाँटुजल थाके'. बाईंच्या तोंडी 'जल'चं 'जॉल' होतं, 'मासे'चं 'माशे'. त्यांनी थांबून विचारलं, "काका, हाँटु म्हणजे काय असेल?" कुणालाच येईना, तेव्हा त्यांनी उभं राहून गुडघ्यावर हात ठेवला. वैशाखात गुडघाभर पाणी, त्यातून गुरं जातात, गाड्या जातात, एका काठाला काश गवताची पांढरी फुलं. आषाढात तीच नदी काठोकाठ भरते. उन्हाळ्याची पातळी नि पावसाळ्याची पातळी, दोन्ही नोंदी एका बालकवितेत! आम्ही पट्टीवर सेंटिमीटर वाचायचो. पाण्यात उतरणारा माणूस मात्र गुडघ्यानंच मोजतो.

सातव्या रविवारी रवींद्रनाथांच्या 'पुनश्च' या संग्रहातली 'कोपाई' ही कविता झाली, 1932 सालची. कविता सुरू होते पद्मा नदीच्या आठवणीनं आणि येते शांतिनिकेतनजवळच्या या लहानशा नदीपाशी. कवी म्हणतो, हिला प्राचीन गोत्राचा अभिमान नाही, नावही अनार्य, संथाळ बायकांच्या हसण्याबोलण्यात मिसळलेलं. या ओळींवर बाई अख्खा तास थांबल्या. घाई केली नाही, हे फार चांगलं केलं.

मी बावधनला राहतो. रामनदीला आम्ही सगळे सर्रास नाला म्हणतो, मीसुद्धा म्हणत आलो. त्या दिवशी घरी जाताना पुलावर स्कूटर लावली आणि पाणी बघितलं. काठाला प्लास्टिक अडकलेलं होतं, मधली धार मात्र वाहती होती. घोट्याएवढी असेल.

लिपी थोडी घरी गिरवून गेलात तर वर्ग जास्त लाभेल. दुसऱ्या टप्प्याचे पैसे मी भरले आहेत.