आयडलला गाडी थरथरतेय: आधी प्लग की थ्रॉटल बॉडी?

जुनी पेट्रोल गाडी सिग्नलला उभी असताना थरथरायला लागली की बहुतेक जण सरळ प्लग बदलून मोकळे होतात, पण आधी थरथर कशी आहे ते बघा ना. ठराविक ठेक्यात धक्के बसतायत आणि चढावर पिकअप घेतानाही अडखळते, तर प्लग किंवा कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती). इंजिन चालू ठेवून एकेक कॉइलचा कनेक्टर काढून बघा (थोडाच वेळ, नाहीतर न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं), जो काढल्यावर आरपीएम पडतच नाही तो सिलेंडर आळशी. मग त्याची कॉइल शेजारच्याला लावायची, दोष तिकडे गेला तर कॉइलच गेलीय.

याउलट आरपीएम वरखाली डुलतोय, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडी बंद पडते पण पळताना एकदम मख्खन, तर इंजिनात जाणारी हवा झडपेने कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीत कार्बन असणार. क्लीनर आणि फडकं, बास. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर झडप हाताने ढकलू नका, आणि नंतर आयडल रीलर्न (उभ्या गाडीचा आरपीएम गाडीच्या कॉम्प्युटरला पुन्हा शिकवणं) करावं लागू शकतं.

मी तरी आधी प्लग काढून बघेन, फुकट आहे. आणि हो, फुस्स आवाज येत असेल तर दोन्ही सोडा, व्हॅक्यूम पाइप तपासा.