ऑटोमॅटिकचं गिअर ऑइल: घरी बदलायचं की मशीनवर?

आधी गाडी कुठली आहे ते बघा. 'ऑटोमॅटिक' म्हणून घेतलेल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एएमटी असते, म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच-गिअर हलवायला वर ॲक्चुएटर. त्यात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) ओतायचं नसतं. सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणाऱ्या, पायऱ्या नसलेल्या गिअरबॉक्सचं) ऑइलही वेगळं. इथली तुलना फक्त टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या गाड्यांची आहे.

घरी जमतं ते ड्रेन-फिल, म्हणजे जुनं काढून नवं भरणं. प्लग उघडला की गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमधलं ऑइल खाली येतं, पण कन्व्हर्टर आणि कूलरमधलं आतच राहतं. एकूण 7 लिटर असेल तर साधारण 3.5 लिटर निघतं. म्हणजे एकदा बदलल्यावर निम्मंच नवं. मध्ये थोडी गाडी चालवून तीनदा केलं, तर 87 टक्क्यांच्या आसपास पोचता, आणि तोवर साडेदहा लिटर ऑइल संपलेलं असतं. गॅरेजमधलं ऑइल बदलायचं मशीन कूलरच्या पाइपला जोडून एकाच बैठकीत जवळजवळ सगळं बदलतं, पण ऑइल तेही भरपूर खातं. त्यामुळे घरी केल्यानं वाचते ती मजुरी. ऑइलचं बिल फारसं कमी होत नाही.

मग मशीनच का नको? ऑइल लाखभर किलोमीटर बदललंच नसेल, तर मशीनच्या दाबानं तळाचा गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या (गिअर बदलायला ऑइल वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकण्याची भीती असते. अशा गाडीला टप्प्याटप्प्यानं ड्रेन-फिलच बरं. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाडीला मशीन लावायला हरकत नाही. दर आठवड्याला कोल्हापूरकडचा गगनबावडा किंवा आंबा घाट चढणाऱ्या गाडीचं ऑइल जास्त तापतं, तिला 40 ते 60 हजार किलोमीटरवर बदललेलं चांगलं. आणि गिअर आधीच घसरत असेल, तर ऑइल बदलून तो दुरुस्त होईल ही आशा सोडा. आधी तपासणी करून घ्या.

घरी काम बिघडतं ते बहुतेक वेळा लेव्हलवर. डिपस्टिक असेल तर सोपं: गाडी सपाट जागेवर, ऑइल गरम, इंजिन चालू. ब्रेक दाबून पी ते डी सगळे गिअर एकेकदा लावा, गाडीच्या मॅन्युअल पुस्तिकेत सांगितलेल्या गिअरवर (बहुधा पी) आणा, आणि धागे न सुटणाऱ्या फडक्यानं काडी पुसून 'हॉट' खुणेत बघा. डिपस्टिक नसलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून ओव्हरफ्लो प्लग उघडायचा. बारीक धार थांबून थेंब पडू लागले की लेव्हल बरोबर. पण हे ऑइलच्या ठरावीक तापमानालाच खरं (बऱ्याच गाड्यांत 35 ते 45 अंश, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये), आणि ते वाचायला गिअरबॉक्सचं तापमान दाखवणारा स्कॅनर लागतो. तो नसेल तर सरळ गॅरेज गाठा. गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली हवी. नुसती पुढून जॅकवर असेल तर लेव्हल खोटीच दिसणार. पेठेतल्या उतरत्या बोळात हे काम जमत नाही. लेव्हल कमी पडली तर पंप हवा ओढतो आणि गिअर उशिरा लागतो. जास्त झाली तर ऑइल घुसळून फेस येतो, आणि त्रास तोच.

क्रमही महत्त्वाचा. ड्रेनच्या आधी फिलर प्लग (ऑइल भरायच्या तोंडाचा) उघडून बघा. ड्रेन रिकामा झाल्यावर फिलर अडकलेला निघाला, तर गाडी तिथंच उभी. ड्रेन प्लगला नवा वॉशर, आणि टॉर्क पान्यानं मॅन्युअलमधल्या आकड्याइतकंच आवळा. ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे एका जोरात जातात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नवे आटे देणारी कॉइल बसवून मिळेल, पण तेवढ्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागला तर वाचवलेली मजुरी कुठल्या कुठे जाते. निघालेलं ऑइल मापून तेवढंच भरा, मात्र दोन्ही वेळी ऑइल सारखंच गार असू द्या, कारण गरम ऑइल फुगतं. प्लगवरच्या चुंबकाला राखाडी चिखल लागलेला दिसला तर घाबरू नका. चकचकीत कीस किंवा तुकडे निघाले तर पुढे जाऊ नका.

ऑइल ब्रँड बघून नव्हे, स्पेसिफिकेशन बघून घ्या. ह्युंडाईला एसपी-4 सांगितलं असेल तर तेच, टोयोटाला डब्ल्यूएस असेल तर तेच. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेल्या कॅननं घर्षणाचं गणित बदललं, तर कन्व्हर्टरचा क्लच लॉक होताना गाडी थरथरू लागते.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावाच. जुनं ऑइल गटारात गेलं की पंचगंगेतच पोचतं, म्हणून कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.