बोलणी, मध्यस्थ, लवाद की कोर्ट? वाद मिटवायला कुठे जायचं

वाद चिघळला की माणूस आधी स्वतःची बाजू किती खरी आहे हे मोजत बसतो. मार्ग निवडताना त्याचा फारसा उपयोग नसतो, कारण समोरचाही तेच करत असतो. त्यापेक्षा दोन गोष्टी आधी ठरवा: अंतिम शब्द कुणाचा असावा, आणि वाद मिटल्यावर या माणसाशी संबंध उरणार आहेत का. खालचे मार्ग मी याच दोन कसोट्यांवर तपासलेत.

त्याआधी भांडण नेमकं कशावरून आहे ते पाहायला हवं. समजा, वारशाने आलेल्या घरावरून बहीण-भावात जुंपली आहे. ती म्हणते विकू, तो म्हणतो विकायचं नाही. या मागण्यांवर बोलत राहिलं तर एकजण जिंकणार, एकजण हरणार. पण खोदून विचारलं तर कळतं, की तिला कर्ज फेडायला वर्षभरात पैसे हवेत आणि त्याला आईची काळजी आहे: या वयात ती कुठे जाणार? आता प्रश्नच बदलला. पैसे कसे उभे करायचे आणि आई कुठे राहणार, याची पाच-सहा उत्तरं तरी निघतील. राष्ट्रांचंही असंच असतं. १९७८ मध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला झालेल्या बोलण्यांत इजिप्त आणि इस्रायल सिनाईवर, म्हणजे इजिप्तच्या पण इस्रायलच्या ताब्यात गेलेल्या द्वीपकल्पावर, अडून बसले होते. मधोमध रेघ मारणं कुणालाच मान्य नव्हतं. इजिप्तला हवी होती आपली भूमी, इस्रायलला सुरक्षितता. शेवटी सिनाई पूर्ण परत द्यायचं ठरलं, पण तिथे सैन्य किती आणि कुठवर ठेवायचं यावर बंधनं आली.

सोडून देणं हाही एक मार्ग आहे, त्यात कमीपणा नाही. केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७४ मध्ये वाद हाताळण्याच्या पाच तऱ्हा मांडल्या, त्यांत टाळणं आणि नमतं घेणं दोन्ही आहेत. विषय क्षुल्लक असेल किंवा डोकं तापलेलं असेल तर खुशाल टाळा. मात्र मनात अढी धरून महिनोन्महिने अबोला चालला असेल, तर तो वाद सोडलेला नाही, नुसता साठवलेला आहे.

थेट बोलणं सगळ्यांत स्वस्त, आणि निर्णय पूर्ण तुमच्या दोघांच्या हातात. तरी ते फसतं, बहुतेक वेळा पहिल्याच वाक्यात. "तू नेहमीच मला डावलतोस" म्हटलं की समोरचा "नेहमीच" खोडून काढायला बसतो. "दुरुस्तीचा खर्च मला न विचारता ठरला, पुढच्या वेळी आधी विचारशील का?" याला उत्तर द्यावं लागतं. आणि हे फोनवरच्या मेसेजांतून करू नका. तिथे आवाज ऐकू येत नाही, जुने मेसेज मात्र पुरावा म्हणून वर काढता येतात.

दोघांचं बोलणं खुंटलं की खरी निवड सुरू होते: मध्यस्थ की लवाद. लोक हे दोन्ही एकच समजतात, पण फरक मोठा आहे. मध्यस्थ निर्णय देत नाही. तो दोघांना एकत्र बसवतो, मग अनेकदा एकेकाला वेगळं भेटतो. एकट्याने भेटल्यावर माणूस जे बोलतो ते समोरासमोर कधीच बोलत नाही. परवानगीशिवाय मध्यस्थ ते पलीकडे सांगत नाही. पटलं नाही तर उठून जायची मुभा दोघांनाही असते. लवादाकडे गेलात की ही मुभा संपते. दोन्ही बाजू ऐकून तो निवाडा देतो, तो बंधनकारक असतो आणि त्यावर अपिलाला वाव फार थोडा.

एकाच वादात दोन्ही वापरले गेल्याचं उदाहरण आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला बीगल खाडीतल्या तीन बेटांवरून अर्जेंटिना आणि चिली भांडत होते. १९७१ मध्ये लवाद मान्य झाला, १९७७ मध्ये निवाडा आला: बेटं चिलीची. पुढच्याच वर्षी अर्जेंटिनाने तो धुडकावला आणि डिसेंबरपर्यंत दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर आले. मग पोप जॉन पॉल दुसरे यांनी मध्यस्थी केली आणि १९८४ मध्ये व्हॅटिकनमध्ये करार झाला. गंमत म्हणजे बेटं तेव्हाही चिलीकडेच राहिली. पण या वेळी समुद्राची हद्दही बोलण्यात आली आणि अर्जेंटिनाच्या पदरात बराच समुद्र पडला. निवाडा ऐकावा लागला होता, करार त्यांनी स्वतः केला होता. अर्थात मध्यस्थी झटपट होते असं यातून समजू नका. बोलणी वर्षानुवर्षं रेंगाळली, आणि अर्जेंटिनातली लष्करी राजवट गेल्यावरच गाडं पुढे सरकलं.

म्हणून नातं किंवा भागीदारी टिकवायची असेल तर मी आधी मध्यस्थ सुचवेन. दोन कंपन्यांत मालाच्या दर्जावरून वाद असेल, विषय तांत्रिक असेल आणि गुप्तता हवी असेल तर लवाद बरा. त्या विषयातला जाणकार निवडता येतो, आणि १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे १७० हून अधिक देशांत निवाडा अमलात आणता येतो. मात्र त्याची फी तुमच्याच खिशातून जाते. करारात लवादाचं कलम असेल तर निवड आधीच झालेली असते, ते आधी वाचा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. बाकीच्या मार्गांना समोरच्याची संमती लागते. कोर्ट त्याला खेचून आणू शकतं. तो मालमत्ता परस्पर विकायला निघाला असेल तर मनाई हुकूम लागतो, चर्चा नव्हे. आणि जिथे मारहाण, धमकी किंवा धाक आहे तिथे तर मध्यस्थीचा विचारही करू नये. घाबरलेला माणूस टेबलावर काहीही कबूल करतो आणि त्याला समेट म्हणून मोकळे होतात. असं असेल तर आधी सुरक्षितता, मग पोलीस किंवा कोर्ट.

एक सावधगिरी: दावा लावायला कायद्याची मुदत असते, आणि बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबेलच असं नाही. मुदत किती ते वकिलाला सुरुवातीलाच विचारा. समेट जमलाच, तर कुणी, काय, कधीपर्यंत करायचं आणि ते न केल्यास काय, एवढं त्याच बैठकीत लिहून दोघांच्या सह्या घ्या.